जावयांनी कोच सोडला तो माझ्या पुरणपोळीवरून

सहायक कोच हेड कोचला सोडून का जातात, हे मला विचारा. इतरांची भांडणं मानावरून होत असतील. आमच्याकडे पुरणपोळीवरून झालं, आणि वाढणारी मी होते.

मी लेकीकडे राहते, जर्मनीत हायडेलबर्गला. आमचे जावई तिथे युनिव्हर्सिटीत संशोधन करतात आणि संध्याकाळी तिथल्याच मुलांच्या फुटबॉल टीमचे सहायक कोच. हौसेचंच काम, पण सगळा जीव त्यात. सराव संपवून घरी आले की बूट काढता काढता सुरू!

"आई, आज परत तेच! म्हणे लांब बॉल मारा, त्या उंच पोराच्या डोक्यावर. अहो, त्याला डोकं आहे, पण बॉलशी त्याचं पटत नाही!"

"मग सांगा ना तुमच्या कोचसाहेबांना."

"वडीलधारे आहेत हो. चारचौघांत तोंडावर कसं बोलायचं?"

म्हणजे मैदानावर जर्मनमध्ये "या, या, गेनाऊ", म्हणजे हो हो, अगदी बरोबर. आणि खरी मॅच आमच्या स्वयंपाकघरात. ऐकून ऐकून मी आणि लेक निम्म्या कोच झालो होतो.

एक दिवस मात्र जावई बूट घालूनच खुर्चीत बसले. कोचसाहेब म्हणाले होते, "पुढच्या सीझनला दुसरा सहायक बघतो. तुला स्वतःचं मतच नाही." जेवणावरची वासनाच उडाली त्यांची. मला बघवेना. मी म्हटलं, बोलवा त्यांना जेवायला. आपल्याकडे काय, पोटभर जेवलेला माणूस कुणाला काढून टाकत नाही, असा माझा हिशेब.

कोचसाहेब आले. धिप्पाड, पांढऱ्या मिशांचे. दोन पोळ्या आवडीनं खाल्ल्या. तिसरीला ताटावर हात धरून म्हणाले, "नाइन, डांके", म्हणजे नाही, नको, धन्यवाद. मी हाताखालून पोळी सरकवली आणि वर तूप सोडलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पोळीकडे, आणि बिचाऱ्यांनी खाल्ली. मग मी वळले जावयांकडे.

"नको, नको, आई! खरंच पुरे!" दोन्ही हात आडवे. मी वाढली. त्यांनी मिटक्या मारत खाल्ली.

कोचसाहेबांनी चमचा खाली ठेवला आणि जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. लेकीला हसू आवरेना. "आई, ते म्हणतायत, हा इथे नको म्हणतो आणि खातो. मग मैदानावर हो म्हणतो, तेव्हा काय असतं?"

जावयांचा घास तोंडातच. माझ्याकडे बघायला लागले.

"माझ्याकडे काय बघताय?" मी म्हटलं. "मी फक्त वाढते. सांगा आता."

आणि सुटले हो! वाट्या, चमचे, मीठदाणी, सगळे खेळाडू झाले. बॉल जमिनीवरून कसा न्यायचा ते दाखवताना कटाच्या आमटीची वाटी थेट कोशिंबिरीपर्यंत आली. कोचसाहेब लालबुंद झाले, पण खूश! त्यांनी वाटी उचलून परत मागे ठेवली. जावयांनी पुन्हा पुढे. लेकीनं भाषांतर सोडूनच दिलं. मला वाटलं, जमलं. कॉफी करायला उठले.

परत आले तर दोघं हात मिळवत उभे.

"झाला ना समेट?"

"नाही गं, वेगळे झाले," लेक म्हणाली. "कोच म्हणतात, मत नसलेला सहायक मला नको होता, पण इतकी मतं असलेला माझ्या बाकावर मावायचा नाही. मुलांच्या दुसऱ्या टीमला कोच नाहीये, ती यानं घ्यावी."

मी कपाळाला हात लावला. जोडायला बोलावलं आणि तोडून बसले!

दाराशी बूट चढवताना कोचसाहेब म्हणाले, "पहिली मॅच आपलीच. मी तुला हरवणार." जावयांचं तोंड सवयीनं तेच "या, या" म्हणायला उघडलं, मी डोळ्यांनी पाहिलं. मग मिटलं.

"नाइन," ते म्हणाले.

कोचसाहेब जिना उतरेपर्यंत हसत होते. मी आणि लेक एकमेकींकडे बघत राहिलो. इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द तिनंही त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.