फिल्टरचं गोत्र

माझ्या घरमालकीणबाई गोदाक्का म्हणजे तंजावरी मराठी, गणिताच्या निवृत्त शिक्षिका आणि हौसेनं शंभर लग्नं जमवलेल्या बाई. कोवलमजवळच्या त्यांच्या नारळबागेतल्या छोट्या ट्रॅक्टरला नवा ऑइल फिल्टर हवा होता. कंपनीच्या दुकानातली किंमत ऐकून त्या भडकल्याच. "एवढ्या पैशात जावयाची अंगठी होईल!"

जुना फिल्टर पिशवीत घालून त्या तडक अंबत्तूरच्या सुट्या भागांच्या बाजारात निघाल्या. मी ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यातला इंजिनिअर, त्यांच्या मागे. दुकानदार विचारायचे, "गाडी कुठली?" ट्रॅक्टर म्हटलं की नकारार्थी मान हलवायचे. चार दुकानं झाल्यावर पाचव्यात अक्कांनी गाडीचं नावच घेतलं नाही. पट्टी काढून आटे, रबरी रिंग, उंची मोजली, आतल्या झडपेचा दाब कॅटलॉगात ताडून पाहिला आणि पाव किमतीत फिल्टर मिळवला.

"पण अक्का, हा टेम्पोचा आहे," मी शंका काढली.

"अरे इंजिनिअर, गुण जुळले की झालं. गोत्र तर वेगळंच लागतं!"

संध्याकाळी ट्रॅक्टर सुरू झाला. तेलाचा एक थेंब गळला नाही. अक्कांनी बॉनेटवर चिमूटभर अक्षता टाकल्या आणि म्हणाल्या, "एकशे एकावं!"