बावीस इंचांची सुतळी

पहिलं बाळंतपण माहेरी, अशी आमच्याकडे रीत. पण आई आदल्या वर्षी गेली आणि गारगोटीच्या घरात वडील एकटेच, त्यांना स्वतःचा चहा धड जमत नाही. म्हणून मी कोल्हापुरात, सासरीच राहिले. माहेरून आणलं ते एकच, आईचं इरकली लुगडं. धुऊन धुऊन ते इतकं विरलं होतं की बोट लावलं तरी फाटायचं. फक्त वरच्या काठाचा अकरा फुटांचा सलग तुकडा शाबूत निघाला. तो बाळाच्या वाकळेला सगळीकडून, कुठंही जोड न देता लावायचा, एवढा एकच हट्ट मी धरला. आई नाही तर निदान तिचा काठ तरी बाळाभोवती पुरा फिरावा, असं मला फार वाटत होतं. गरोदर बाईशी घरात कुणी वाद घालत नाही, याचा मी पुरेपूर फायदा घेतला.

त्यातून मला वाकळ गोल हवी होती. मोबाइलवर पाहिली होती.

"गोल?" आत्ती म्हणाल्या. सासूला आम्ही आत्ती म्हणतो. "पोर काय घड्याळाचा काटा हाय व्हय, गोल गोल फिराय?"

तरी शिवायला त्याच बसल्या. गल्लीतल्या निम्म्या पोरींचे झालरीचे फ्रॉक आत्तींच्या मशीनवर झालेले. गोल झालर असो की रुखवतातला गोल रुमाल, त्यांचा हिशेब ठरलेला होता: "आडवं मधनं जेवढं, त्याच्या तिप्पट, आणि वर जरा." हे 'वर जरा' म्हणजे किती, असं विचारलं की त्या चष्म्यावरून बघायच्या.

या वेळी हिशेब उलटा होता. काठ अकरा फूट ठरलेला, तो पुरेल एवढीच वाकळ कापायची. आत्तींनी जुन्या साड्यांचे थर आधी चौकोनीच शिवून घेतले, म्हणजे टाक्यांनी कापड आत ओढायचं ते ओढून होईल. आता मधोमध सुतळीचं टोक बोटाने दाबायचं, दुसऱ्या टोकाला खडू बांधायचा आणि फिरवायचा. सुतळी केवढी घ्यायची, एवढाच काय तो प्रश्न. त्या प्रश्नापायी आमचा रविवारचा रस्सा करपला.

सासरे, म्हणजे मामा, हायस्कूलमध्ये गणित शिकवून निवृत्त झालेत. त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "काठ म्हणजे परीघ. त्याला बावीस सप्तमांशाने भागा. व्यास बेचाळीस इंच. सुतळी एकवीस."

"बावीस सप्तमांश हे अंदाजे झालं, बाबा," माझा नवरा म्हणाला. तो कागलच्या एमआयडीसीत यंत्रांचे सुटे भाग तपासतो आणि घरी पोळीसुद्धा त्याच नजरेने बघतो. "तीन पूर्णांक एक चार एक पाच नऊ घ्या." त्याने मोबाइलवर भागाकार केला. "एकवीस पूर्णांक शून्य शून्य आठ."

"म्हणजे एकवीसच की."

"म्हणजे एकवीस नाही."

बापलेक त्या 'शून्य शून्य आठ'वरून असे जुंपले की शेजारच्या काकू चौकशीला आल्या. आत्तींनी खडूने फरशीवर एक जाड रेघ ओढली. "ही रेघ केवढी उमटती बघा आदी. त्यात तुमी दोघंबी बसताय." मग सुतळी टेपावर धरली. "अकरा फुटाचं तीन भाग करायचं, त्याचं अर्धं. बावीस इंच."

"अगं, नुसते तीन नव्हेत. बावीस सप्तमांश," मामा म्हणाले.

"बावीसच घेतलं की," म्हणत आत्तींनी वाकळ कापूनसुद्धा टाकली.

मग आतल्या बाजूने बारीक चुण्या घेत, दुहेरी टीप मारत त्यांनी काठ लावायला घेतला. मी शेजारी बसून बघत होते. काठ फिरत फिरत आला आणि शेवटी सहा इंच अलीकडे संपला.

मला रडूच कोसळलं. मामा आणि माझा नवरा यांचं त्या दिवसात पहिल्यांदाच एकमत झालं. हे असंच होणार होतं, असं दोघांनी मला समजावून सांगितलं, ज्याचा मला काडीचा उपयोग नव्हता. "सगळीकडून इंचभर कातरू आणि परत लावू," नवरा म्हणाला.

"उसवाय गेलासा तर तिच्या आईचा काठ हातात न्हाय राहायचा," आत्ती म्हणाल्या. त्यांनी मशीनचा खण ओढून हिरव्या काठाचा एक तुकडा काढला. "ह्याच्या बारशाला नेसलेलं पातळ हाय माझं. रडतीस कशाला. हे लावू."

तुकडा अगदी बरोबर बसला. तो तिथं कडा दुमडून तयार कसा होता, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. मला दिसत होता तो फक्त जोड. लाल काठात हिरवा, आणि तोही सासूचा. "छान झालं," असं मी तोंडाने म्हटलं आणि बाळंत होईपर्यंत मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत राहिले.

मुलगी झाली. आता ती रांगायच्या बेतात आहे. वाकळेवर पालथी घातली की पोटावर गोल गोल फिरते, अगदी घड्याळाच्या काट्यासारखी. परवा फिरत फिरत ती हिरव्या तुकड्यापाशी पोचली आणि तो तोंडात धरून चोखू लागली.

"मामांचं ऐकलं असतं तर हा तुकडा लागलाच नसता, आत्ती," मी म्हणाले. राग अजून थोडा शिल्लक होताच.

आत्तींनी हातातला दोरा दातांनी तोडला. "त्ये मला कळत नव्हतं व्हय? उभा जलम गोल झालरी लावल्यात मी. नुसत्या तिनात कवा भागलंय?"

"मग?"

"मग काय? तुझ्या आईचाच काठ समदीकडनं फिरला असता, तर माझा कुठं लावायचा हुता?"

मामांनी पेपर खाली घेतला, पण बावीस सप्तमांशाचं नाव काढलं नाही. मी पोरीच्या तोंडातला काठ सोडवायला वाकले होते. तो तसाच राहू दिला.