कोरे ठिपके

ताईला घरात सगळे भिंगरी म्हणतात. ती चहासुद्धा बसून पीत नाही. कप घेऊन घरभर फिरते आणि जाता जाता समोर येईल त्याच्या तोंडात अक्रोड कोंबते. अशा बाईला नोकरी मिळाली ती नेमकी प्रयोगशाळेत, हळू चालायच्या खोलीत.

तिथे सोन्याचा पातळ मुलामा दिलेली नखाएवढी काच असते. काचेवर शेकडो ठिपके, प्रत्येकात वेगळ्या खाण्याचं प्रथिन. वरून रक्तातला पातळ द्रव सोडायचा, खालून उजेड टाकायचा. ज्या ठिपक्याला काही चिकटेल तिथून परतणारा उजेड बदलतो आणि कॅमेरा सगळे ठिपके एकदम टिपतो. मग काच धुवायची. धुतल्यावरही जो उजळ राहील तो खरा, त्या खाण्याची अ‍ॅलर्जी.

या वेळी रक्त माझं होतं. दोनदा माझा घसा सुजून बंद झाला होता. पहिल्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ताटातलं सगळं आम्ही धडाधडा सांगितलं आणि ते खाणं बंद केलं. तरी दुसऱ्यांदा झालंच. तिसऱ्या वेळी वाचेन याची खात्री कुणी देईना. मी नुसत्या मीठभातावर होते आणि त्याचाही घास घशाखाली उतरत नव्हता.

ताईने चाचणी लावली आणि सगळेच ठिपके उजळले.

"म्हणजे आता हवा खायची का मी?" मी विचारलं.

तिच्या सरांनी मुद्दाम कोरे सोडलेले ठिपके दाखवले. त्यांच्यावर काहीच नव्हतं, तरी तेही उजळले होते.

"हे रक्ताचं काम नाही, तुझं आहे," ते ताईला म्हणाले. "यंत्राला खेटून येरझाऱ्या घालतेस, त्याला तुझ्या अंगाची ऊब लागते आणि सगळ्याच ठिपक्यांचा उजेड बदलतो. बाहेर बस. आता एकच काच उरलीय."

बाहेरच्या बाकावर ताई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. पाय मात्र ऐकेनात.

"जीव टांगणीला लागलाय गं," ती म्हणाली.

"जीव माझा जातोय. तू पाय हलवू नकोस," मी खेकसले. घाबरले की मला राग येतो, काय करू.

शेवटी सरांनी आत बोलावलं. काच धुऊन झाली होती. कोरे ठिपके आता उजळले नव्हते. एकच ठिपका उजळ होता.

"अक्रोड," सर म्हणाले. "घरी खाता का?"

अक्रोड आमच्या ताटात कधीच नव्हता. तो ताईच्या स्वेटरच्या खिशात असायचा. दोन्ही वेळा वाढता वाढता तिने एक माझ्या तोंडात टाकला होता आणि आम्ही दोघींनी तो खाण्यात धरलाच नव्हता.

ताईचा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला. मला किती दिवसांनी सणसणून भूक लागली होती, आणि तिच्या तोंडाकडे बघून रडूही येत होतं.

"चल, घरी जाऊ," मी म्हटलं. ती जागची हलली नाही.

"ताई, चाल ना गं. तू अशी थांबलीस की मला भीती वाटते."