गुरूच्या चंद्राखालचं नाव

माझं नाव म्हशीमुळं गेलं. हसायचं तर हसा, पण खरं तेच आहे. लग्न ठरलं तेव्हा धाराशिवकडच्या वाशीला आमच्या सासरी गोठ्यात एक म्हैस होती आणि तिचं नाव अन् माझं नाव एकच होतं. आता म्हशीला हाक मारली तर सून यायची आणि सुनेला मारली तर म्हैस वरडायची. सासूबाईंनी निकाल दिला की म्हशीचं बदलायचं नाही, तिला त्या हाकेची सवय आहे, उगं पान्हा चोरायची. मग बदलायचं कुणाचं, तर माझं. भरल्या मांडवात ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात दुसरंच नाव लिहिलं, आणि बायांनी टाळ्या वाजवल्या. माझे वडील तेरचे शेतकरी, हौसेनं ठेवलेलं नाव त्यांचं. ते मांडवाच्या खांबाला धरून बघत राहिले. लेकीचा बाप काय बोलणार?

तो राग मी गिळला नाही. तोंडात धरून ठेवला, सुपारीसारखा.

धाराशिवला कॉलेजात मी फिजिक्स घेऊन बी. एस्सी. झाले होते. त्याचा उपयोग सासरी एवढाच झाला की आमच्या बी-बियाणं अन् खताच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर बिलं करायला मी बसले. पेरण्या उरकल्या की दुकानात माशा मारायच्या. अशाच एका दुपारी मोबाइलवर बातमी वाचली की गुरू ग्रहाभोवती फिरणाऱ्या एका यानानं काढलेले कच्चे फोटो कुणालाही बघायला मिळतात, आणि वाटलं तर आपण त्यातून नीट चित्र तयार करून त्यांच्याच वेबसाइटवर टाकायचं. कुणालाही म्हणजे वाशीतल्या खताच्या दुकानातल्या बाईलाही. मी लगेच उघडून बघितले.

पहिल्यांदा बघाल तर म्हणाल, हे काय हो, भिंतीचे पोपडे? यान स्वतःभोवती गरगर फिरतं, त्यामुळं कॅमेऱ्याला एका दमात पूर्ण फोटो घेता येत नाही. करड्या पट्ट्यांची उतरंड येते. एक निळ्या रंगाची, एक हिरव्या, एक तांबड्या, पण दिसायला सगळ्या करड्याच. त्या जागच्या जागी बसवायच्या, एकावर एक ठेवायच्या, मग कुठं रंग उमटतो. त्यात गुरूजवळच्या किरणांचा मारा असा की फोटोभर पांढरे कण सांडलेले असतात. लोक सॉफ्टवेअरनं ते एका फटक्यात पुसून टाकतात. मला ते जमायचं नाही, म्हणून मी तूरडाळीतले खडे निवडावेत तसे एकेक कण हातानं निवडायची. आणि म्हणूनच मला ते सापडलं. गुरूचा एक चंद्र आहे, आयो, ज्वालामुखींनी भरलेला. त्याच्या अंधाऱ्या कडेवर एक पुसट धुरकट डाग होता. बाकीच्यांच्या चित्रांत तो कणांसोबत पुसला गेला होता. माझ्यात तो राहिला. तो डाग नव्हता, पेटलेल्या ज्वालामुखीचा फवारा होता.

चित्र टाकताना वेबसाइटनं नाव विचारलं. मी काही ठरवलं नव्हतं, देवाशप्पथ. बोटांनी माहेरचं नाव टाइप केलं, वडिलांच्या अन् तेरच्या नावासकट. छापलेलं ते नाव मी कितीतरी वर्षांनी बघितलं. दुकानात गिऱ्हाईक युरियाची गोणी मागत उभं होतं, मी त्याला म्हटलं, थांबा जरा.

ते चित्र तिकडच्या शास्त्रज्ञांना आवडलं. त्यांनी आपल्या पानावर वर आणून लावलं, खाली माझं नाव, गाव तेर. मग इकडच्या पेपरवाल्यांना वास लागला आणि जिल्ह्याच्या पानावर ‘तेरच्या लेकीची कमाल’ म्हणून छापून आलं. वडील तो पेपर घेऊन तेरच्या स्टँडवर दिवसभर बसले होते म्हणे, धाराशिवच्या गाडीत चढणाऱ्या उतरणाऱ्या सगळ्यांना दाखवत.

सासरी मात्र भडका उडाला. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो आणि सासूला आत्या. मामांना अडचण अशी की राबते वाशीत, खाते वाशीत, आणि नाव झालं तेरचं. गावातल्या व्यापारी मंडळींनी येत्या बाजाराच्या दिवशी माझा सत्कार ठरवला तेव्हा मामांनी झटक्यात फ्लेक्स करून घेतला. त्यावर माझा फोटो छोटा, मामांचा मोठा, आणि खाली तांदळातलं नाव. मग मला बोलावून सांगितलं की सत्काराच्या आधी त्या फोटोखालचं नाव बदल, आपल्या घराचं टाक, तिथं पडद्यावर दाखवणार आहेत. आत्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, बदलून टाक की, कशाला वाकडेपणा. नवरा मोबाइलमध्ये बघत होता.

मी म्हटलं, बघते. सुनेनं बघते म्हटलं की आमच्या घरात ते हो धरतात.

बदलणं माझ्याच हातात होतं, दोन मिनिटांचं काम. मी त्या पानावर गेलेसुद्धा. नाव पुसायच्या चौकोनात क्लिक केलं आणि असा संताप आला की कान गरम झाले. माझ्या आयुष्यात माझ्या नावावर असलेली ही एकच वस्तू. शेत नाही, घर नाही, दुकान नाही. गुरूच्या एका चंद्राचा एक फोटो, आणि तोही ह्यांना हवाय. मी कॉम्प्युटर बंद केला आणि मनात म्हटलं, येऊ द्या बाजाराचा दिवस, तुमच्याच मांडवात तुम्हाला दाखवते.

बाजाराच्या दिवशी हॉल गच्च भरला. बायका एका बाजूला, त्यात आत्या पहिल्या रांगेत, नव्या लुगड्यात. शाळेतल्या एका सरांनी पडद्यावर ते पान उघडलं. पिवळा आयो दिसला तसं लोकांनी ओहो केलं. मग सरांनी भाबडेपणानं खालचं नाव मोठ्यानं वाचलं. कुजबुज सुरू झाली. अध्यक्षांनी वळून विचारलं की ह्या कोण बाई? मामांनी माइक ओढला आणि हसत हसत सांगितलं की कॉम्प्युटरची चूक आहे, होतं कधी कधी.

मी उठले आणि त्यांच्या हातातून माइक घेतला.

“चूक न्हाय मामा. फ्लेक्सवर जिचं नाव हाय तिनं हा फोटो केलेला न्हाय. ती भाकरी थापती, शेण काढती, तुमची बिलं करती. तिचा सत्कार करायचा तर त्यासाठी करा. हा फोटो म्या केलाय, आन् माझं नाव खाली लिवलंय.”

अध्यक्षांच्या हातात अर्धी उलगडलेली शाल तशीच राहिली. मग त्या बिचाऱ्यांनी माझं खरं नाव घेऊन, दोनदा अडखळून, ती माझ्या खांद्यावर टाकली. मामांचा चेहरा बघून माझा जीव थंड झाला. खोटं कशाला बोलू, इतकं गार मला कधीच वाटलं नव्हतं. घरी येताना गाडीवर नवरा एवढंच म्हणाला की चारचौघांत बापाची अब्रू काढायची गरज नव्हती. मी म्हटलं, “माझं नाव काढलं तवाबी चारचौघंच हुते.”

त्यानंतर मामा माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं जेवण मी वेळेवर वाढते आणि तेही वेळेवर गिळतात.

त्याच आठवड्यात यानाकडून नव्या पट्ट्या आल्या. दुपारी मी दुकानात त्या जुळवत बसले होते, तर आत्या डबा घेऊन आल्या. दुकानात त्या कधी येत नाहीत. माझ्या मागं उभ्या राहून बराच वेळ त्या करड्या पट्ट्या बघत होत्या. मग विचारलं की ह्याच्याखाली कुणाचंबी नाव टाकता येतं का. मी कशाला म्हणून विचारलं. त्यांनी हळूच एक नाव घेतलं. ते घरात मी कधी ऐकलेलं नव्हतं.

“माझं हाय,” त्या म्हणाल्या. “लग्नाआधीचं. तिथं खाली बारीक टाकतीस का? कुणाला कळायचं न्हाय.”

माझा हात थांबला. नाव लई सुंदर होतं, माझ्यापेक्षाही. पण लगेच दुसरं डोक्यात आलं, की ह्या बाईला ठाऊक होतं. नाव गेल्यावर काय होतं हे त्या घरात फक्त हिलाच ठाऊक होतं, आणि तरीही माझ्या वेळी निकाल हिनंच दिला.

“फोटो जो करतो त्याचंच नाव येतं, आत्या,” मी म्हटलं.

“व्हय, बरोबर हाय,” म्हणाल्या, आणि सकाळचा रिकामा डबा उचलून घराकडं गेल्या.

ते नाव मला पाठ आहे. अजून मी ते कुठंही लिहिलेलं नाही.