गाडीपुढे दोन मीटरवर

पहिल्यांदाच लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. माझी शाळा नववीत सुटली. गाव नंदुरबारकडे, तळोद्याजवळ, आणि लातुरात येऊन सहा वर्षं झाली. आई माझी अंगारे-धुपारे सगळं मानते. मी कधीच काही मानलं नाही... कामच असं आहे की स्कॅनरवर दिसतं ते खरं, बाकी गप्पा.

औसा रोडला आप्पांचं गॅरेज आहे. आप्पांनी मला आधी झाडलोटीला ठेवलं, मग स्वतःच्या खर्चाने पुण्याला रडारचं काम शिकायला पाठवलं. दोन्ही वेळचं जेवण आजही त्यांच्या घरचं. त्यामुळे माझ्या हातून काही बिघडलं की त्यांच्या ताटावर बसायची लाज वाटते.

नव्या गाड्यांत पुढच्या जाळीमागे तळहाताएवढी डबी असते, ते रडार. पुढे गाडी, माणूस, जनावर किती मीटरवर आहे ते बघतं आणि वेळ आली तर स्वतः ब्रेक लावतं. आमच्याकडच्या निम्म्या तक्रारी पूजेनंतरच्या. लोक जाळीवर चमकीचा हार बांधतात आणि रडार आंधळं होतं. हार काढला की गाडी नीट.

देशपांडे सरांच्या गाडीला हार नव्हता. सर मूळचे उदगीरचे, रिटायर्ड शिक्षक, इथे लातुरात एकटे राहतात. मुलगी नांदेडला दिलेली. दर आठवड्याला स्वतः गाडी चालवत तिच्याकडे जाणार. फाटकाला धडकून रडार फुटलं म्हणून मी नवीन बसवलं. समोर स्टँडवर पत्र्याचा तिकोना ठेवून जुळवणी केली, पास झाली.

पण एक गोष्ट लपवली. बसवताना ते नवीन रडार माझ्या हातून फरशीवर पडलं होतं. ओरखडासुद्धा नव्हता, म्हणून कुणाला बोललो नाही.

चार दिवसांत सर परत. "अरे, मोकळ्या रस्त्यावर गाडी कचकन थांबते! मागे टेम्पो होता, थोडक्यात वाचलो."

पुन्हा जुळवणी केली. पास. आठवड्याने पुन्हा तीच तक्रार. मला जेवण जाईना. माझ्या चुकीने हा माणूस एक दिवस रस्त्यावर मरणार, एवढंच डोक्यात.

तिसऱ्या वेळेस भर दुपारी बसलो. गाडी अंगणात, तोंड भिंतीकडे, भिंत लांब. रडारला समोर जे दिसतं त्याची स्कॅनरवर यादी येते; मी चालकाच्या सीटवर असताना ती रिकामी. समोरून जाळी बघायची म्हणून सरांना चालकाच्या सीटवर बसवलं आणि स्कॅनर घेऊन बाजूला उभा राहिलो.

यादीत एक ओळ आली. चोवीस मीटर. वीस. पंधरा... माणूस चालत यावा तेवढ्या वेगाने. दोन मीटरवर आली आणि थांबली.

समोर नुसतं ऊन.

सर उतरले, ओळ गेली. आप्पा बसले — काही नाही. सर बसले — चोवीस, वीस, पंधरा... दोन. सीटवर कोण बसलंय हे रडारला कळायला काही मार्गच नसतो हो! मी तीनदा करून बघितलं.

मग आप्पांना कोपऱ्यात नेलं आणि रडार पडल्याचं सांगून टाकलं.

आप्पा कपाळावरची विभूती पुसली जाईस्तोवर घाम पुसत राहिले. "पडलं तं पडलं, लेकरा. तवाच सांगायला काय तोंड शिवलं व्हतं? जा, दुसरं लावून बघ."

त्याच मॉडेलची एक गाडी डेंटिंगला उभी होती. तिचं रडार सरांच्या गाडीत घातलं, पडलेलं तिच्यात. पडलेलं रडार त्या गाडीत एकदम चोख चाललं. आणि सरांच्या गाडीत... सर बसले, ओळ आली. दोन मीटर.

माझी चूक नव्हती. बरं वाटायला पाहिजे होतं, पण उलट जास्त भीती वाटली.

सरांना मी अर्धवटच सांगितलं, की समोर काही नसताना दिसतंय. सर वैतागले. "मग ते बंदच करून टाक ना! आयुष्यभर काय रडार घेऊन हिंडलो का मी? पोरीचे दिवस भरलेत, मला उद्या नांदेडला पोचायचंय."

आप्पा माझ्याकडे वळले. "मला त्यातलं काई कळंना. तू म्हणशील तसं करू."

एवढा विश्वास! बंद करावं, तर ते जे येतं ते कशासाठी येतं कुणास ठाऊक. चालू ठेवावं, तर मागून टेम्पो.

"उद्या मीच सरांना सोडतो," मी म्हणालो.

"हाव, जा. ऊन लई हाय, ताक घेऊन जा."

सकाळी निघालो. स्कॅनर जोडलेलाच ठेवला आणि सरांच्या मांडीवर दिला. सरांनी अहमदपूरपर्यंत हजेरीच घेतली. "ट्रक, बेचाळीस मीटर, हजर! म्हैस, अकरा... अरे, ब्रेक!" रस्ताभर वावगं काही दिसलं नाही.

नांदेडात त्यांच्या मुलीचं घर अरुंद गल्लीच्या टोकाला. गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावली. सर स्कॅनर सीटवर ठेवून उतरले, पिशवी घेतली, गाडीपुढून चालायला लागले. यादीत ओळ आली, दोन मीटर. ते सर.

तिच्या खाली दुसरी ओळ. तीही दोन मीटर.

पाच मीटर, दोन्ही. दहा, दोन्ही. सरांनी थांबून पिशवीचा हात बदलला, तर दोन्ही ओळी थांबल्या. गल्लीत सर एकटे. फाटकात मुलगी पोटावर हात ठेवून हसत उभी होती. सर आत गेले. दोन्ही ओळी गेल्या.

ओरडायला तोंड उघडलं होतं मी. पण काय ओरडणार?

गाडी तिथे सोडायची होती, म्हणून चहा झाल्यावर सरांना मुद्दाम चालकाच्या सीटवर बसवलं. अर्धा तास. यादी रिकामीच. मी एसटीने परत आलो.

त्यानंतर गाडी एकदाही आपोआप थांबली नाही. सरांना नात झाली, आप्पांकडे पेढे आले. आप्पा गिऱ्हाइकांना सांगतात, "आमच्या लेकरानं केली बघा ती गाडी." जॉबकार्डावर काय दुरुस्त केलं ते लिहायचं असतं. ती जागा मी कोरीच ठेवलीय, कारण मी काहीच केलेलं नाही. जे होतं ते गाडीपुढून निघालं आणि त्या घरात गेलं, एवढंच मला माहीत आहे.

सरांना हे सांगावं का, कळत नाही. दर रविवारी फोन करतो आणि विचारतो, बाळ बरं आहे ना, ताई बऱ्या आहेत ना.

"बरे आहेत रे सगळे," सर हसतात. "किती वेळा विचारशील?"