सत्तेचाळीसावं पान

गेल्या महिन्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयातून माझे वडील निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणात कुणीतरी त्यांना ‘क्षमाशील’ म्हणालं. मी मागच्या खुर्चीत बसले होते. मला हसू आवरेना. हिलाल आप्पा आणि क्षमा! ज्या माणसानं एक कागद अकरा वर्षं खिशात जपला, त्याला हे लोक क्षमाशील म्हणत होते. खरं काय घडलं ते मी, त्यांची मुलगी हर्षदा, सांगते.

आप्पा अमळनेरकडचे. सातवी पास. सुरतेत आले ते उधना भागातल्या कापडाच्या लूमवर. चार वर्षांत कानाला दडे बसले, म्हणून ओळखीनं विद्यापीठाच्या ग्रंथालयात रोजंदारीवर लागले. साल चौऱ्याण्णव. गुजराती ते ग्रंथांच्या पाठीवरची नावं वाचून शिकले. पाच-सहा वर्षांत कुठला ग्रंथ कुठल्या कपाटात हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. कडोदऱ्याहून, कामरेजहून बसनं येणारी पोरं यादी चाळण्याआधी त्यांनाच विचारायची. मग दुर्मिळ ग्रंथांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे आली. ती किल्ली ते जानव्यासारखी गळ्यात घालायचे, आणि आई त्यावरून त्यांना चिडवायची.

इतिहास विभागात भूपेंद्र झवेरी नावाचे प्राध्यापक होते. त्यांचं नाव मोठं, बोलणं गोड. दोन हजार तेराच्या सुरुवातीला ते कपाटापाशी आले आणि सुरतेच्या जुन्या बंदराच्या इतिहासाचे तीन खंड मागितले. दीडशे वर्षांपूर्वीचे, गावात दुसरी प्रत नसलेले. “काले आपी दइश, हिलालभाई,” म्हणाले. म्हणजे उद्या देतो. आप्पांनी चिठ्ठीवर सही न घेता ते दिले. ही त्यांची चूक. आमच्या खानदेशात मास्तर दारात आला तर खाटेवरची गोधडी झटकून अंथरतात. त्याच्याकडे सही मागायची म्हणजे त्याला खोटं ठरवायचं, असं आप्पांना वाटलं. एवढ्या मोठ्या माणसाचा अपमान त्यांच्या हातून होईना.

तो उद्या काही आला नाही. आप्पांनी दोनदा आठवण केली, सरांनी दोनदा मान हलवली. मार्चमध्ये साठ्याची तपासणी झाली, तीन खंड कमी भरले, आणि चौकशी समिती बसली. त्या समितीत स्वतः झवेरी सर होते. आप्पांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं, तेव्हा सर चष्मा पुसत शांतपणे म्हणाले की बिचारा घाबरला आहे, काहीही बोलतो आहे. पोलिसांत न देता माफीपत्रावर सोडून द्यावं, ही दयाळू सूचनाही त्यांचीच.

माफीपत्रात तीन ओळी होत्या. ‘ग्रंथालयाचे तीन ग्रंथ माझ्या हातून गेले. याला मी एकटा जबाबदार आहे. माझ्यावर दया करावी.’ सरांनी सांगितलं, आप्पांनी लिहिलं आणि खाली सही केली. किल्ली काढून घेतली, कायम होण्याची फाईल बंद झाली आणि त्यांना तळघरातल्या बांधणी विभागात पाठवलं. तिथं फाटके ग्रंथ शिवायचे, खळ लावायची, दाबयंत्राखाली ठेवायचे. जाण्याआधी आप्पांनी त्या माफीपत्राची झेरॉक्स काढली आणि प्लॅस्टिकमध्ये घालून खिशात ठेवली. ती रोज त्यांच्या एका शर्टातून दुसऱ्या शर्टात जायची.

गोष्ट विद्यापीठातच राहिली असती तर त्यांनी गिळलीही असती. पण ती आमच्या वस्तीत पोचली. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. देवीच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू टाकायचा रिवाज आहे. पोटातल्या पोराच्या नावानंसुद्धा काही घरांत टाकतात. तो रोट भाऊबंदांनीच खाऊन संपवायचा असतो. त्या वर्षी आप्पांचे थोरले चुलतभाऊ सुकलालकाका मुठी टाकत होते. एकेक नाव घेत ते आप्पांपाशी आले आणि पुढच्या नावावर गेले. आई म्हणाली, “भाऊ, यासनी मूठ ऱ्हायनी.” काका म्हणाले, “चोरीना डाग धुवाई जाऊ दे, मंग टाकसू.” जमलेल्या बाया खाली बघून गहू निवडत राहिल्या. आप्पा उठले, चपला घातल्या आणि घरी आले. मी चौदा वर्षांची होते. त्या दिवशी मला त्या सगळ्यांचा इतका राग आला की तो अजून पुरता उतरलेला नाही, आणि उतरवायची मला इच्छाही नाही.

अकरा श्रावण असेच गेले. झवेरी सर इकडे वाढत होते. त्यांचं बंदराच्या इतिहासावर मोठं पुस्तक निघालं. तळटिपांत जागोजागी लिहिलेलं, ‘लेखकाच्या वैयक्तिक संग्रहातून’. आप्पांनी ते पुस्तकही बांधलं. पाठ सरळ, कोपरे चोख. कामात त्यांनी कधी सूड उगवला नाही, एवढं मात्र मान्य करते.

मग सर निवृत्त झाले आणि आपला सगळा संग्रह विद्यापीठाला देतो म्हणाले. चारशे ग्रंथ. ग्रंथालयात त्यांच्या नावाचं दालन ठरलं. डागडुजीसाठी पोती तळघरात उतरली, आणि तिसऱ्या पोत्यात आप्पांना मरून रेक्झिनमध्ये नव्यानं बांधलेले तीन खंड सापडले. मुखपृष्ठामागचं पहिलं पान फाडलेलं, शेवटचं पान फाडलेलं. ग्रंथालयाचा शिक्का याच दोन पानांवर असतो, हे प्रत्येक वाचकाला माहीत असतं.

तिसरा शिक्का वाचकाला माहीत नसतो. प्रत्येक ग्रंथालय आतलं एक पान ठरवून घेतं आणि आपल्या प्रत्येक ग्रंथात त्या पानावर, शिवणीच्या अगदी कडेला, छोटा शिक्का आणि दाखल क्रमांक टाकतं. त्याला गुप्त पान म्हणतात. ते फक्त तिथं काम करणाऱ्यांना ठाऊक असतं. आमच्या ग्रंथालयाचं गुप्त पान सत्तेचाळीसावं. झवेरी सरांनी उभा जन्म ग्रंथालयात काढला, पण काम करणाऱ्याशी बोलायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती.

आप्पांनी तिन्ही खंडांचं सत्तेचाळीसावं पान उघडलं. तिन्हींवर शिक्का होता.

त्या संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं. मी त्याच विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकत होते. मी म्हणाले, आत्ताच्या आत्ता ग्रंथपालबाईंकडे चला. ते म्हणाले, “नही. खोलीत सांगं ते खोलीतच ऱ्हास.” आणि तीन आठवडे त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्या तीन खंडांची त्यांनी इतकी सुंदर डागडुजी केली की ग्रंथपाल उज्ज्वलाबेन स्वतः म्हणाल्या, समारंभात हेच खंड सरांच्या हातून कुलगुरूंना देऊ. आप्पांनी मान हलवली. पहिल्या खंडात लाल रेशमी खूणदोरा त्यांनीच शिवला.

समारंभाला सभागृह भरलं होतं. मी मंचाजवळ उभी होते. झवेरी सर विद्यापीठाच्या इतिहासावर बोलले. सुरुवातीला इमारत नव्हती, कपाटं नव्हती, लोकांनी घरचे ग्रंथ आणून दिले आणि त्यातून हे ग्रंथालय उभं राहिलं. ग्रंथ ही समाजाची ठेव आहे, असंही म्हणाले. टाळ्या पडल्या. मग खाकी गणवेशातले आप्पा तबक घेऊन मंचावर गेले. सरांनी खंड उचलून कुलगुरूंना दिला. कुलगुरूंनी दोऱ्यापाशी तो उघडला. सत्तेचाळीसावं पान.

आप्पा माइकपासून हातभर अंतरावर होते. ते गुजरातीत म्हणाले, “साहेब, कडेचा शिक्का जरा मोठ्यानं वाचा.”

कुलगुरूंनी वाचलाही. काय वाचतो आहोत ते कळेपर्यंत आपल्याच ग्रंथालयाचं नाव आणि दाखल क्रमांक सभागृहभर ऐकू गेला होता. आप्पांनी तबकावरचा रुमाल उचलला. खाली जुनी दाखल नोंदवही होती, त्याच क्रमांकाच्या पानावर उघडलेली. नोंदीसमोर लाल शाईत ‘गहाळ, २०१३’ असं लिहिलेलं.

 सर आप्पांच्या दंडाला धरून हळूच म्हणाले, “हिलालभाई, अंदर बेसीने वात करीए.” आत बसून बोलू या.

“त्या वेळी बसलो होतो की आत,” आप्पा म्हणाले.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? आप्पांच्या दंडाला धरून अजिजी करणारे सर मी डोळे भरून पाहिले.

आत बसावं लागलंच. कुलगुरूंनी विचारलं, पोलिसांत तक्रार करायची का. आप्पा म्हणाले, पोलीस नकोत, मी लिहिलं तेच यांनी लिहावं. सरांनी ‘अनवधानानं’ आणि ‘खेद वाटतो’ असे शब्द काढले. आप्पांनी खिशातला प्लॅस्टिकमधला कागद टेबलावर ठेवला आणि सांगितलं की अक्षर बदलायचं नाही, फक्त सही बदलायची. सरांनी लिहिलं. ‘माझ्यावर दया करावी’पाशी त्यांचं पेन थांबलं. आप्पाही थांबले. घाई आप्पांना नव्हती.

त्या दालनाला सरांचं नाव लागलं नाही. माफीपत्र फाईलला जायचं होतं, पण ग्रंथपालबाईंची परवानगी घेऊन आप्पांनी ते पहिल्या खंडात बांधलं, सत्तेचाळीसाव्या पानासमोर. चिकटवलं नाही. चिकटवलेलं ओल्या कापडानं सुटतं. दुहेरी दोऱ्यानं शिवलं. आता तो कागद काढायचा तर खंड उसवावा लागेल, आणि ते काम सुरतेत करणारी माणसं सगळी आप्पांच्याच हाताखाली शिकली आहेत.

महिन्याभरात श्रावण आला. सुकलालकाका स्वतः बोलवायला आले. परातीत गहू होता, भाऊबंद गोल बसले होते. काकांनी या वेळी आप्पांचं नाव सगळ्यांत आधी घेतलं, मोठ्यानं, आणि सव्वा मूठ टाकली. मग पुढच्या नावाकडे वळले.

आप्पांनी त्यांचं मनगट धरलं. “यंदानी मूठ व्हयनी, दादा. मांगल्या अकरा टाक आते.”

काका हसायला गेले. म्हणाले, “इतला रोट कोन खाई? घरनाच लोकेसले सरावना पडस.”

“तुम्हीन खावा,” आप्पा म्हणाले. मनगट त्यांनी सोडलं नव्हतं.

 काकांनी आईकडे पाहिलं. आईनं गव्हाचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. काकांनी मूठ भरली, आप्पांचं नाव घेतलं, टाकली. पुन्हा भरली. प्रत्येक वेळी नाव घ्यावं लागत होतं.  मी परातीशेजारी बसून मोठ्यानं आकडे मोजत होते, आणि अकरा होईपर्यंत मी थांबले नाही.