लोखंडी जाळीवरचे मामंजी

भोरच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते. गेल्या उन्हाळ्यात पुण्याला छापचित्रांच्या वर्गाला जायला लागले. पहिलाच गृहपाठ मिळाला: युरोपातलं एखादं जुनं लाकूडठशाचं चित्र घ्यायचं आणि घरच्या माणसांना तसंच बसवून नव्यानं कोरायचं.

माझ्या वाट्याला एक ख्रिस्ती संत आला. धर्म सोडत नाही म्हणून त्याला लोखंडी जाळीवर जिवंत भाजलं होतं. खाली निखारे, शेजारी लांब काटा घेतलेला मारेकरी. संताच्या चेहऱ्यावर मात्र जेवून आडवं झाल्यासारखी शांती.

असा चेहरा आमच्या आख्ख्या उत्रोली गावात एकच, माझ्या सासऱ्यांचा.

"मामंजी, बाजेवर नुसतं पडून राहायचंय."

"त्ये तर म्या रोजच करतो की."

बाजेची जाळी झाली. निखारे म्हणून खाली लाल ओढणी पसरली, तर तिच्यावर कोंबडी येऊन बसली. हुसकून हुसकून मीच दमले. मारेकरी व्हायला सासूबाई तयार नव्हत्या, पण काट्याच्या जागी हातात शेतातलं दाताळं येताच खुलल्या.

"कुठं टोचू?"

"टोचायचं नाही, नुसतं धरायचं."

"मंग काय उपेग?"

मी रेखाटू लागले. जरा वेळानं मामंजी घोरायला लागले. चित्रात आवाज येत नाही म्हणून मी चालवून घेतलं. तेवढ्यात सासूबाईंनी हळूच दाताळं टेकवलंच. मामंजी डोळे न उघडता म्हणाले, "ही बाजू झाली गं. आता पालथा व्हऊ का?"

माझी पेन्सिल खाली पडली. त्या संतानंही जाळीवरून हेच सांगितलं होतं म्हणतात: ही बाजू भाजून झाली, आता उलटा. मला हसू आवरेना. सासूबाईंनी खोदून विचारलं, तेव्हा सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी दाताळं फेकलं.

"अगं बया! जितं माणूस भाजलं? आन् त्येच्या जागी ह्यांना निजवलंस? उठा आदी!"

लगेच मीठमिरच्या ओवाळून त्यांनी मामंजींची दृष्ट काढली आणि त्या चुलीत टाकल्या. ठसक्यानं तिघंही खोकत अंगणात पळालो. मामंजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "मगाशी बरं व्हतं," म्हणाले.

पंधरा दिवसांनी चित्र छापून घरी आणलं. सासूबाईंनी ते उजेडाला धरलं.

"माझं नाक एवढं मोठं हाय व्हय?"

मामंजी बाजेवर जाऊन पालथे झाले.